बांगडे मोजणारी फळी आणि भेट आलेली पट्टी

०

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. मासे मोजायची. लांबी तीस सेंटीमीटर, रंग एके काळी पिवळा, वास आजही बांगड्याचा. माझ्या एका टोकाला उभा ठोकळा आहे. माशाचं नाक त्या ठोकळ्याला टेकवायचं, तोंड मिटवायचं, अंग सरळ करायचं आणि शेपूट जिथे संपेल तिथला आकडा वाचायचा. एवढंच माझं काम. ठोकळा म्हणजे माझं शून्य.

आत्मवृत्तात बालपण, उमेदीचा काळ आणि म्हातारपण असे परिच्छेद पाडायची पद्धत आहे. मला ते जमत नाही. मला फक्त खुणांवरून पुढे सरकता येतं. म्हणून मी शून्यापासून सुरुवात करते आणि प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर सेंटीमीटर लिहिते. शेपूट येईल तिथे थांबू.

२

बालपण मात्र सांगायलाच हवं, नाहीतर गुण कापतात. बालपणी मी फणस होते. देवरूखजवळच्या एका परड्यात उभी होते आणि माझ्याकडे लोक फक्त वर बघत, तेही मे महिन्यात. एका वादळात मी आडवी झाले. सखाराम सुतारांनी माझ्यावर रंधा मारला, पोलादी पट्टी शेजारी ठेवून एकेक खूण सुरीच्या टोकाने कोरली आणि त्यात काळा रंग भरला. मग मला उलटसुलट करून ते म्हणाले, "आता हिला कुठेही द्या, ही आकडा बदलायची नाही."

मला रत्नागिरीत दिलं. बंदराजवळच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात.

५

माझी उमेदीची वर्षं दोन बायकांच्या हाताखाली गेली. एक दीप्ती जाधव मॅडम, केंद्रातल्या संशोधक. दुसऱ्या सुंदराबाई, केंद्रातल्या मदतनीस. मॅडम सकाळी जेटीवर जात आणि होडीतून उतरलेल्या माशांतली एक टोपली, निवड न करता, उचलून आणत. सुंदराबाई माझ्यावर मासा ठेवत, मॅडम लांबी वाचत, मग काट्यावर त्याचं वजन करत. संध्याकाळी सुंदराबाई मला लिंबाच्या सालीने घासत आणि मोजून झालेल्यांतले चार बांगडे घरी नेत. विज्ञानाचा त्यांना झालेला हा रोजचा फायदा होता.

माझा मान मोठा होता. एकदा वर्धापनदिनाला कोणीतरी माझ्यावर कांदा चिरला, तेव्हा मॅडम त्या माणसाशी महिनाभर बोलल्या नाहीत. कांदा अकरा सेंटीमीटरवर चिरला होता. तो चरा अजून आहे.

७

मग बांगडा लहान होऊ लागला.

किनाऱ्यावर खाली सागरतेज नावाच्या कंपनीचा कारखाना आला होता. तो मासे दळून त्यांचं पीठ करी आणि ते कोंबड्यांच्या खाद्यासाठी पाठवी. पिठाला मासा केवढाही चालतो. म्हणून जाळ्यांची भोकं बारीक झाली आणि जे पोहत होतं ते सगळं वर येऊ लागलं. बांगडा चौदा सेंटीमीटरचा होईपर्यंत धरू नये असा नियम आहे. माझ्यावर येत होते ते साडेअकराचे. आयुष्यात एकदाही अंडी न घातलेली पोरं ती.

मॅडमनी तीन वर्षं हे मोजलं. आता त्याचा अहवाल मुंबईच्या समितीकडे जायचा होता. अहवाल गेला असता तर सागरतेजच्या दुसऱ्या कारखान्याची परवानगी अडली असती. दाबला गेला असता तर मॅडमची तीन वर्षं आणि पुढच्या सालचा बांगडा, दोन्ही पिठात गेले असते.

८

आधी सगळे गोडीने आले. केंद्राचे संचालक खानविलकर साहेब निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते आणि तो उंबरठा त्यांना न अडखळता पार करायचा होता. त्यांनी मॅडमना सुचवलं, की अहवालात 'लहान' हा शब्द जरा बोचतो, 'सुबक' लिहिलं तर? मग मंत्रीसाहेबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं असं, की रत्नागिरीच्या बांगड्याला लहान म्हणणं हा जिल्ह्याचा अपमान आहे. मॅडम म्हणाल्या, जिल्ह्याची लांबी मी मोजलेली नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅडमना 'ताणमुक्त कार्यालय' या शिबिरासाठी देवरूखला पाठवण्यात आलं. देवरूखला समुद्र नाही.

त्या गेल्या आणि सागरतेजचा जनसंपर्क अधिकारी ओमकार पेढ्यांचा बॉक्स आणि एक चकचकीत निळी पट्टी घेऊन आला. उपकरणांच्या आधुनिकीकरणासाठी कंपनीची भेट. त्याने स्वतःच्या हाताने ती माझ्या अंगावर, सखाराम सुतारांच्या खुणांवर, चिकटवली. पट्टीवर कंपनीचा डॉल्फिन होता आणि तिचा प्रत्येक सेंटीमीटर जरा आखूड होता. खानविलकर साहेबांनी पेढा घेतला. पट्टी कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारण्यात त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

मित्रांनो, आता जपून वाचा. इथून पुढे मी पट्टीखाली आहे. सेंटीमीटर भराभर येतील.

१०

दुसऱ्या दिवशीच्या टोपलीतला बांगडा चौदाचा भरला.

११

सुंदराबाईंनी मासा उचलला, पट्टी पाहिली, पुन्हा मासा पाहिला. मग खानविलकर साहेबांना म्हणाल्या, "साहेब, माज्या पोराला, समर्थाला पण ह्याच पट्टीन मोजा. पोलीस भरतीत दोन बोटांनी ऱ्हायलाय तो."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

१२

पेपरात बातमी आली: रत्नागिरीचा बांगडा वाढला. मंत्रीसाहेबांनी बांगड्याचं अभिनंदन केलं. माझा फोटो छापून आला, डॉल्फिनसह. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रसिद्ध झाले आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते थोडं आवडलं.

१३

अहवाल मुंबईला गेला. खाली नाव दीप्ती जाधव. त्या तेव्हा देवरूखला डोळे मिटून श्वास मोजत होत्या.

१४

आता एक गंमत ऐका. ओमकारने लांबी वाढवली, पण काट्याला तो विसरला. काटा बिचारा जुनाच होता आणि प्रामाणिकपणे जुनीच वजनं सांगत होता. त्यामुळे मुंबईच्या समितीपुढे जो बांगडा गेला तो चौदा सेंटीमीटर लांब होता आणि वजनाने जेमतेम निम्मा.

समितीत शहाणी माणसं होती. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि घाबरून निष्कर्ष काढला: रत्नागिरीचा बांगडा उपाशी तरी आहे किंवा आजारी. किनाऱ्यावर नवं काय आलं? सागरतेजचा कारखाना. त्याचं सांडपाणी कुठे जातं? समुद्रात. दुसऱ्या कारखान्याचं राहू द्या, पहिलाही चौकशी होईपर्यंत बंद.

१५

पेपरात बातमी आली: रत्नागिरीचा बांगडा आजारी.

१६

आणि बाजार बसला. बांगडा कोणी हातात धरेना. मासळीवाल्या दुपारपर्यंत भरल्या टोपल्या घेऊन बसत आणि गिऱ्हाईक लांबूनच विचारी, "ह्याला काय झालंय गो?" सुंदराबाईंची बहीण सखू बाजारात बसायची. ती रोज संध्याकाळी केंद्राच्या दारात येऊन टोपली आदळायची आणि जे बोलायची ते आत्मवृत्तात लिहिण्यासारखं नाही.

खानविलकर साहेबांनी बांगडे वजनदार करता येतील का ते पाहिलं. ओमकार म्हणाला, कंपनी उद्याच नवा काटा भेट देते. पण तोवर समितीचं पत्र आलं होतं: अहवालावर ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः येऊन खुलासा करावा. साहेबांनी देवरूखला फोन लावला. शिबिर संपलं नव्हतं, पण दीप्ती मॅडम पुरेशा ताणमुक्त झाल्या असतील अशी साहेबांना खात्री वाटत होती.

१७

मॅडम आल्या. त्यांनी आधी अहवाल वाचला. मग खाली आपलं नाव वाचलं. मग मला हातात घेतलं आणि खिशातली साधी शाळेतली पट्टी काढून माझ्याशेजारी ठेवली. एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही. सुंदराबाई सांगतात, त्या दिवशी मॅडमचं ते मोजणं बघून फ्रीजमधले मासेसुद्धा सरळ झाले.

ओमकार घामाघूम होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. समितीने विचारलंय ते रोगाचं. लांबीचा विषय कोणी काढलेलाच नाही. तर मॅडमनी फक्त एवढं लिहावं की बांगडा निरोगी आहे. कारखाना सुरू, बाजार सुरू, मॅडमचं नाव साफ.

"निरोगी आहे हे मी कशावरून सांगू?" मॅडमनी विचारलं.

"वजन चांगलं आहे म्हणून सांगा."

"चौदाच्या माशाला हे वजन चांगलं नाही. साडेअकराच्या माशाला चांगलं आहे." त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. "तो आजारी नाही हे सांगायचं, तर तो लहान आहे हेच सांगावं लागतं, ओमकार. एक घेतलंत की दुसरं सोबत येतं."

ओमकारने खानविलकर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्सकडे पाहिलं.

मग मॅडमनी नख घातलं आणि पट्टी एका कोपऱ्यातून सोलायला सुरुवात केली. गोंद चांगल्या प्रतीचा होता. दुखलं.

९

मित्रांनो, दचकू नका, छपाईची चूक नाही. पट्टी निघाली, म्हणजे आपण खरे इथेच होतो. मधले सगळे आकडे कंपनीचे होते.

१०

(हा दहा खरा आहे. मोजून पाहा.)

मॅडमनी नवी टोपली आणली, मोजली आणि खुलासा लिहिला. पण कागदावर कोणी विश्वास ठेवेना. त्याच केंद्राने आधी वाढला म्हटलं, मग त्याच्याच अहवालावरून तो आजारी ठरला, आता तेच निरोगी म्हणतंय. तेव्हा मंत्रीसाहेबांनी स्वतः जाहीर केलं, की ते बंदरावर सर्वांसमक्ष बांगडा खातील. खरं म्हणजे सागरतेजनेच त्यांना गळ घातली होती.

ओमकारने मंत्र्यांसाठी चांगले दणदणीत बांगडे बाहेरगावाहून मागवायचं ठरवलं. मॅडम म्हणाल्या, लोकांची खात्री पटवायची असेल तर आजच्या टोपलीतलाच शिजला पाहिजे, सर्वांच्या डोळ्यांदेखत. आणि सखू टोपली घेऊन केंद्राच्या दारातच उभी होती, त्यामुळे ओमकारला दुसरं काही सुचलं नाही.

११

मांडव घातला गेला. मासळीवाल्या आल्या, होडीवाले आले, प्रत्येकाच्या हातात फोन. खानविलकर साहेबांनी मला टेबलावर हळदकुंकू लावून ठेवलं होतं. कोणत्या आनंदात, ते कळलं नाही. सुंदराबाईंनी रवा लावून बांगडे तळले. तळल्यावर मासा आणखी आकसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी कायम कच्च्यांनाच भेटलेली.

मॅडमनी आधी दोन वाक्यं वाचली. बांगडा निरोगी आहे, पोटभर खा. बांगडा लहान आहे, थोडी वर्षं त्याला वाढू द्या. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या वाक्याच्या वेळी खानविलकर साहेबांना खोकला आला, आणि नेमका माइकजवळ आला. दुसरं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही.

मला वाटलं, संपलं. अर्धंच खरं उद्याच्या पेपरात येणार.

मग मंत्रीसाहेबांसमोर ताट आलं. ते सकाळपासून उपाशी होते, कारण कॅमेऱ्यासमोर चवीने खायचं असं ठरलं होतं. ताट मोठं होतं, स्टीलचं, लग्नातलं. त्याच्या मधोमध एक बांगडा होता. साहेबांनी ताटाकडे पाहिलं. ताट किंचित फिरवून पलीकडची बाजू पाहिली. आणि सगळे फोन त्यांच्याकडे रोखलेले असताना, भुकेल्या माणसाच्या अगदी मनापासूनच्या आवाजात ते म्हणाले,

"हा एवढासाच?"

सुंदराबाई म्हणाल्या, "आजच्या टोपलीत ह्योच मोठा, साहेब."

पहिली सखू हसली. ती हसली की दूरच्या पाजपंढरी गावापर्यंत ऐकू जातं असं म्हणतात. मंत्रीसाहेबांनी नंतर सात बांगडे खाल्ले आणि सातही वेळा ताटात दुसरं काही आहे का ते शोधलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या जिल्ह्याच्या फोनवर दोनच शब्द फिरत होते. मॅडमचं दुसरं वाक्य खोकल्यात गेलं होतं. मंत्र्यांनी ते जास्त थोडक्यात सांगितलं.

आता लांबी लपवून ठेवण्यासारखी राहिली नव्हती. मॅडमचा खरा अहवाल मुंबईला गेला, या वेळी त्यांच्या स्वतःच्या सहीने. बाजार सुरू झाला. पहिला कारखाना सुरू झाला, कारण सांडपाण्यात काही सापडलं नाही, आणि मॅडमनी तेही जसंच्या तसं लिहिलं, कंपनी आवडत नसतानाही. दुसरा कारखाना मात्र जाळ्यांची भोकं मोठी होईपर्यंत थांबला आहे. ओमकार आता कंपनीच्या कोंबडी विभागात असतो. खानविलकर साहेब शाल आणि नारळ घेऊन निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझा उल्लेख 'निर्भीड' असा केला. माझ्यावरचं हळदकुंकू तेव्हाही पुसलेलं नव्हतं.

साडेअकरा

आता माझ्या अंगावर पट्टीचा गोंद राहिला आहे. त्याला खवले चिकटतात. सुंदराबाई रोज लिंबाची साल घेऊन त्याच्याशी भांडतात. परवा कंपनीकडून नवा काटा भेट आला, फीत बांधलेला. सुंदराबाईंनी तो दाराला टेकू म्हणून लावला आहे. वाऱ्याने दार आपटत नाही, आणि ते काम तो चोख करतो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची असते, ती करते. मला पॉलिश करू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका, माझ्यावर कांदा तर चिरूच नका. फक्त कोणी नवी पट्टी भेट म्हणून आणली, तर चिकटवण्याआधी ती माझ्याशेजारी ठेवून पाहा. पेढा खाऊन झाल्यावर पाहिलं तरी चालेल, पण पाहा.

माझी गोष्ट खरं तर चौदापर्यंत जायला हवी होती. तेवढी लांब असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण नाक ठोकळ्याला टेकलेलं आहे, तोंड मिटलेलं आहे, अंग सरळ आहे, आणि शेपूट इथेच संपतं.