माझ्या पाठीतली अक्षता

मित्रांनो, मी आष्टीच्या एका छोट्या ऑफिसातला जुना सर्व्हर आहे. जुना म्हणा, खुशाल म्हणा. पण भंगार म्हणाल तर याद राखा!

मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. कोपऱ्यात बसतो आणि इथली पोरं जे प्रोग्राम लिहितात ते सांभाळतो. कोणी कोणती ओळ कधी बदलली, सगळं माझ्यापाशी असतं. काही बिघडलं की कालचं जसंच्या तसं काढून देतो. गावाबाहेरूनही इंटरनेटवरून माझ्यापर्यंत येता येतं. पूर्वी आमचे मालक विजयसिंह सर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "हा आपला खजिना!" आता ते माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवतात.

इथंच प्रोग्राम लिहिणाऱ्या वैष्णवीचा मात्र माझ्यावर जीव. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. यंदा कारखाना लवकर सुरू झाला, म्हणून तीही त्यांच्याबरोबर गेली. उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत बसून ती दूध डेअरीचा प्रोग्राम लिहीत होती. तो पाठवायच्या दिवशीच तिला माझ्याशी जोडता येईना. संध्याकाळपर्यंत काम आलं नाही, तर सर ते दुसऱ्याला देणार होते.

"कोपीत कसलं आलंय नेट!" सर फोनवर म्हणाले.

"सर, नेट चालू हाय. व्हिडिओवर तुमी दिसताय की मला!"

"मग पासवर्ड चुकला असेल."

"पासवर्ड इचारायपर्यंत जातच न्हाई. त्याच्या आधीच अडतंय."

मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हातारा गेला वाटतं. अजिनाथ, भंगारवाल्याला बोलव," ते ऑफिसातल्या शिपायाला म्हणाले.

अस्सा संताप आला मला! मी चांगला चालू होतो, पंखा गरगरत होता. परवाच खंडेनवमीला याच लोकांनी वायरी काढून मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. परवाचा देव आज भंगार? वा रे भक्त!

"थांबा!" वैष्णवी कडाडली. "अजिनाथदादा, त्याच्या मागं वाका. नेटच्या वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकतो का?"

"न्हाई गं. आन् वायर बी पुरती बसंना."

"कावून बसंना? आत बघा की!"

अजिनाथने वायर काढली, मला आडवं करून थोपटलं. वायरीच्या भोकातून टपकन पडली एक अक्षता! पूजेतली, कुंकवाने लाल झालेली. वायर टक्कन बसली, दिवा लुकलुकला आणि फडावरून वैष्णवीचं काम माझ्याकडे आलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिच्याच नावाने मी ते ठेवून घेतलं.

संध्याकाळच्या चहाचा कप सरांनी माझ्या डोक्यावर नाही, टेबलावर ठेवला.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. अधूनमधून धूळ पुसा, झालं. लांब कोपीत बसलेल्या पोरीवर किंवा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर खापर फोडण्याआधी जरा कंबर वाकवून मागे बघत जा. आणि पुढच्या नवमीला अक्षता टाकायच्याच असतील, तर समोरून टाका. मी तिथेच असणार आहे!