तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

"अंबड रोडला ट्रॅक्टर ओलांडायला गेलो अन् ऐन मधात गाडीनं दमच सोडला," कल्याण सांगत होता. "झटके मारून राह्यली. इंजिनचा दिवा लुकलुक. समोरून टँकर. कसाबसा मागं आलो, बिभीषण."

बिभीषणनं मान हलवली, पण वर पाहिलं नाही. हीच तक्रार त्यानं आधीही याच गॅरेजात, याच गाडीबद्दल ऐकली होती. तेव्हा सांगणारी कल्याणची बायको होती.

मोनिका पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत शिक्षिका. जालन्याहून रोजचं जाणं-येणं, म्हणून ही टर्बोवाली पेट्रोल गाडी घेतलेली. दिवाळीनंतर बिभीषणनं सर्व्हिसिंग केली, प्लग बदलले, आणि आठ दिवसांत ती नवऱ्याला घेऊन परत आली. सपाट रस्त्याला ठीक चालते, पण चढाला किंवा कुणाला ओलांडताना पाय दाबला की झटके देत मिसिंग करते, दिवा लागतो, असं तिनं नीट सांगितलं. त्या दिवशी गॅरेजात चार गाड्या खोळंबल्या होत्या. बिभीषणनं स्कॅनर काढलाच नाही. चौकापर्यंत हळूच एक चक्कर मारली आणि येऊन तिच्याशी नाही, कल्याणशी बोलला.

"गाडी ओके आहे साहेब. मॅडम वरच्या गिअरात लौकर जातात, मंग पिकअप कुठून येणार?"

कल्याण हसला. मोनिका गाडीत जाऊन बसली.

महिनाभरानं कल्याण दुसऱ्याच कामाला आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "ती भोकरदनजवळ ट्रकखाली जाता जाता वाचली. मीच म्हणलं, बस झालं, तुला न्हाई जमत. आता एसटीनं जाते. सकाळी सहाला निघावं लागतं बिचारीला." बिभीषणनं ऐकून घेतलं आणि पान्हा फिरवत राहिला.

आता मात्र त्यानं कल्याणला शेजारी बसवून गाडी गावाबाहेर काढली आणि चढावर पाय पूर्ण दाबला. गाडी हिसके द्यायला लागली. स्कॅनरवर आलं, तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. परत येऊन त्यानं प्लगला वीज पुरवणारी तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावली, पहिल्याची तिसऱ्याला, आणि पुन्हा चढावर गेला. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर पहिल्यात गेला असता. तो तिसऱ्यातच राहिला.

मग त्यानं प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ होती, चीर गेलेली. हळू चालवताना असा प्लग निभावून नेतो. टर्बोनं हवा दाबून भरली की ठिणगी टोकावर पडायच्या ऐवजी चिरेतून पळते. मग इंजिन स्वतःला जपायला टर्बोचा जोरच कमी करतं, आणि चालवणारा रस्त्याच्या मधोमध अडकतो.

बिभीषणला तो प्लग आठवला. दिवाळीनंतरच्या त्या सर्व्हिसिंगला हातातून निसटून फरशीवर पडला होता. नवा आणायला नदीपलीकडे नव्या जालन्यात जावं लागलं असतं. त्यानं फडक्यानं पुसला, एकदा पाहिला आणि बसवला. पडलेला प्लग लावू नये, हे तो दुसऱ्यांना सांगत असे.

"काय निघालं?" कल्याणनं विचारलं.

"प्लग गेलाय."

"नवाच होता की!"

"निघतो एखादा पीस खराब."

"हल्ली मालच असा येऊन राह्यला," कल्याण म्हणाला. नवा प्लग बसवल्यावर गाडी चढावर सरसर गेली. तो खूश होऊन घरी गेला.

बिभीषणला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. बायकोनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त सलत होतं ते "मॅडम वरच्या गिअरात लौकर जातात". ते त्यानं नुसतं तोंडाला आलं म्हणून म्हटलं होतं.

रविवारी तो त्यांच्या घरी गेला. कल्याण बाहेर पेपर वाचत होता. मोनिकानं पाणी आणून दिलं. ते तसंच हातात धरून बिभीषण म्हणाला, "मॅडम, तुमचं चालवणं बराबर होतं. प्लग माझ्या हातून पडल्ता. मीच तसा बसवला. परवा साहेबांना खराब पीस म्हणलो, तेबी खोटंच."

कल्याणनं पेपर खाली ठेवला.

"मी दिवा लागतो म्हटलं होतं," मोनिका म्हणाली. "तेव्हा का नाही तपासलंत?"

गर्दी होती, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. "ऐकलंच न्हाई तुमचं," तो म्हणाला.

"यांनीही नाही ऐकलं." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. कल्याण खाली बघत होता. "ट्रक पुढ्यात आला ना, तेव्हा मलाही वाटलं, माझंच चुकलं. तेव्हापासून तेच वाटत होतं. तुम्ही आलात, बरं केलंत. पण माफ केलं असं आत्ता मी म्हणणार नाही."

"न्हाई म्हणलात तरी चालंल," बिभीषण म्हणाला आणि उठला.

ती पुन्हा गाडी चालवू लागली, पण सर्व्हिसिंगला गाडी दुसरीकडे जाऊ लागली. एकदा बँकेसमोर कल्याण भेटला, तेव्हा बिभीषणनं मॅडमचं विचारलं.

"जाते रोज," कल्याण म्हणाला. "पण कुणाला ओलांडत न्हाई. ट्रॉली पुढं असली की तिच्याच मागं, मैलभर. शाळेला उशीर झाला तरी."

बिभीषण तिथंच उन्हात उभा राहिला, आणि कल्याण बँकेत गेला.