अठ्ठावीस इंचांचा ओटा

जालन्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात तिसऱ्या वर्षाची ज्युरी म्हटली की भल्याभल्यांची टरकते. पंधरा दिवस खपून काढलेल्या शीट भिंतीवर टाचायच्या, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर हात बांधून उभं राहायचं, आणि त्यानं लाल पेन्सिल उचलली की देवाचं नाव घ्यायचं. अर्पितानं त्या दिवशी हात बांधले नव्हते आणि देवालाही त्रास दिला नव्हता.

विषय होता, ओळखीच्या माणसासाठी घर. बाकीच्यांनी डॉक्टर मामा, बिल्डर काका अशी वजनदार मंडळी धरली होती. अर्पितानं धरली आपली आई, तीर्थपुरीची दुर्गाबाई. उंची चार फूट आठ इंच. म्हणून स्वयंपाकाचा ओटा अठ्ठावीस इंच.

परीक्षक गिरिधर सर पुण्याहून आलेले, चांगले सहा फूट. त्यांची पेन्सिल नेमकी त्या आकड्यावर थांबली आणि त्याला गोल पडला.

"चौतीस हवं. हे पहिल्या वर्षी शिकवतात."

"शिकवलंय, सर. पण आई चौतीसवाली नाही."

"घर काय एकट्या आईसाठी असतं? उद्या उंच सून आली तर?"

"मंग तिनं वाकावं," अर्पिता म्हणाली. "आईनं तीस वर्षं टाचा उचलल्यात."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तेच सरांना झोंबलं. त्यांनी खोडरबर तिच्याकडं सरकवलं. "खोड. चौतीस लिही, पास करतो. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी! तिकडं गावी साहेबरावकाका टपूनच बसले होते. एकदा नापास झाली की शिक्षण बंद आणि लग्न पक्कं, असं त्यांनी अर्पिताच्या वडिलांकडून वदवून घेतलं होतं.

"खोड ना बाई," शेजारचा निखिल कुजबुजला. "सहाच तर इंच हायेत. जल्दी कर, पुढं माझा नंबर हाय."

सहाच! अर्पिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं खोडरबर निखिलच्या हातात दिलं, एक टेबल ओढलं आणि त्यावर सात ड्रॉइंग बोर्ड रचले. "सर, आईला चौतीस म्हंजे तुमच्या उंचीला चव्वेचाळीस. हा तुमचा ओटा." त्यावर एक खोकं ठेवलं. "ही शेगडी." खोक्यावर रंगाची रिकामी बादली चढवली आणि तिच्यात कागदाचा बोळा टाकला. "हा भात. शिजला का बघा."

सर हसले. पोरीची जिरवायची म्हणून असेल, पण उठले. बादलीची कड त्यांच्या हनुवटीला आली. पळी म्हणून उचललेली लांब पट्टी आत घालायची तर कोपर कानापर्यंत उचलावं लागलं. आतलं काही दिसेना. सर चवड्यांवर उभे राहिले, तोल सांभाळायला एका हातानं बादलीची कड धरली, आणि बादली, खोकं, वरचे दोन बोर्ड असं सगळं त्यांच्या छातीवरून धडाधडा खाली आलं.

वर्गात हसण्याचा स्फोट झाला. सर दचकून दोन हात मागं गेले होते. अर्पिता तेवढी हसली नाही.

"ही रिकामी होती, सर," ती म्हणाली. "आमच्या घरची पातेली रिकामी न्हवती. वरण होतं तिच्यात. आईचा हात खांद्यापर्यंत भाजून निघाल्ता. आन् सगळे आईलाच म्हणून राह्यले, नीट बघून करता येत न्हाई का."

हसणं बंद पडलं. सरांनी शर्ट झटकला, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

"हे शीटवर का नाही लिहिलंस?"

"लिहिलंय की, सर. अठ्ठावीस."

सरांनी पेन उघडलं. गुणपत्रकात त्यांनी पन्नासपैकी पंचवीस मांडले, म्हणजे काठावर पास. सहा फुटी माणसाला एकदम वाकणं जमत नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थिनी उद्धट आहे, सांगितलेली दुरुस्ती करत नाही.' आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

अर्पितानं शेरा दोनदा वाचला. मग पेन घेतलं आणि त्याच्याखाली, 'वरील मजकूर मान्य' असं छापलं होतं तिथं, ऐटीत सही ठोकली.