मुराळीण

"पुढं न्हाय, मागं बसती मी. मागचं दार उघड," सोनूबाई म्हणाली.

शोरूमचा सेल्समन टाय सावरत धावला. तिनं चपला चकचकीत फरशीवरच काढल्या, लुगडं आवरलं आणि देवळात शिरावं तशी वाकून गाडीत शिरली. आधी खिडकीशी बसली, मग मध्ये सरकली, मग पार पलीकडं. शेवटी मधल्या जागेवर थाप मारून म्हणाली, "हितं बसणाऱ्याचं गुडघं हनवटीला लागत्यात. दुसरी दाव."

तिचा मुलगा अमरसिंह हसला. "आक्का, मधी बसायला आपल्यात हाय कोण?"

"तुला काय करायचंय? तू चाक धर आन् गप बस."

पोटच्या पोरांपासून दूध न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत ती सगळ्यांची आक्काच. शाळा दुसरीतच सुटली. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हा गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून तिनं दोन लेकरं वाढवली, वर माडी चढवली. पाणी घातलेलं दूध आणि गुळमुळीत बोलणं, दोन्हींना तिच्या दारात थारा नव्हता. तेव्हा गाडी घ्यायची तर ती पसंत कोण करणार, हे विचारायची गरजच नव्हती.

मधली जागा कुणाची, हे अमरसिंहला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीनं, मोनानं, प्रसेनजीतशी लग्न केलं होतं. माणूस चंदगडला हायस्कुलात मास्तर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण बौद्ध घरातला. दोघं पाया पडायला आली, तर आक्कानं दारातूनच सांगितलं, "मला एकच लेकरू. अमर." त्यानंतर घरात मोनाचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

मग बेंदराच्या सुमारास शेजारची बायडाबाई चंदगडला सोयऱ्यांकडं जाऊन आली आणि कट्ट्यावर उभ्या उभ्या बोलून गेली, "मोनाची शिवानी बघिटली गं. तुझीच हनवटी. आन् तोंड तर त्याहून तुझं! फडकं बांधलं तरी आतनं बोलंल." आक्कानं म्हशीच्या कासेला पाणी मारलं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला दूध देऊन पुन्हा त्यालाच विचारलं, "तुला किती?" आणि आठवडा सरायच्या आत तिनं गाडीचा विषय काढला. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. आपली आणायची, पण चंदगडच्या वळणावळणांच्या रस्त्यानं एसटीत लहान पोर ओकून बेजार व्हायचं. गाडी घरची पाहिजे. एवढं सगळं तिच्या मनात होतं, आणि तोंडात फक्त एवढंच, "गुडघं दुखत्यात माझं. गाडी घिऊया."

सेल्समननं दुसरी गाडी दाखवली. "ही बघा आक्का. उंच हाय, खड्ड्यात पोट घासत न्हाय. अंगानं आखूड, गल्लीत वळती. आन् पेट्रोलवर बी पळती, गॅसवर बी. बटण दाबायचं फकस्त."

"एका गाडीत दोन?"

"व्हय की. आता तर पेट्रोल आन् बॅटरी मिळून चालणाऱ्या बी निघाल्यात. पर त्या लई महाग हाईत."

"आन् भांडत न्हाईत?"

"कोण?"

"दोन जातीचं एका घरात कोंबल्यावर."

सेल्समन मनापासून हसला. "झकास नांदत्यात आक्का!"

अमरसिंहनं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. आक्कानं गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग मागं जाऊन तिनं डिकी उघडायला लावली आणि कपाळाला आठी घातली. "हितं तर गॅसची टाकीच बसलीया. मग लेकीची पिशवी कुठं ठेवायची?"

शब्द तोंडातून निसटला. इतक्या वर्षांत 'लेक' हा शब्द त्या तोंडातून गेला नव्हता. अमरसिंह हळूच म्हणाला, "मांडीवर घिऊ की आक्का."

"मग हीच," ती म्हणाली.

गाडी आली. अंबाबाईला नेली, चाकाखाली लिंबं चिरडली. पंचमीच्या आदल्या दिवशी अमरसिंह मोनाला आणायला निघाला, तर आक्का इरकली लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन मागच्या सीटवर आधीच बसलेली.

"आक्का, लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातोय. आई कधी मुराळी जाती व्हय?"

"जात न्हाय. मी चाललीया." मग खिडकीकडं बघत, "तू चोरून चारदा गेलास की. काय उजेड पाडलास?"

त्याचा हात चावीवरच राहिला. तिला ठाऊक होतं तर!

गडहिंग्लज मागं पडलं, नेसरी मागं पडली. काय बोलायचं ते ती मनाशी घोळवत होती. माफी तिला येत नव्हती. उभ्या जन्मात कधी मागितली नव्हती. शेवटी तिनं ठरवलं, एकच शब्द बोलायचा. 'चल.' त्यात काय ते लेक समजून घेईल.

चंदगडला मोनाच्या घराच्या पडवीला पावसासाठी ताडपत्री बांधलेली होती. प्रसेनजीत छत्री घेऊन गाडीपाशी आला. "या आई," तो म्हणाला, जणू ती दर पंचमीला येत होती. दारात मोना उभी. वाळली होती, पण ताठ. तिच्यामागं भिंतीला टेकवून भरलेली पिशवी ठेवली होती. अमरनं फोन केला होता. शिवानी नवा फ्रॉक घालून पुढं आली.

"ही कोण गं मम्मी?"

"आजी तुझी."

"मग इतके दिवस कुठं हुती?"

आक्काला हसू फुटलं. पदरानं तोंड झाकावं लागलं इतकं हसू. मोनाही हसली, आणि हसता हसता आत वळली ती डोळे पुसायलाच. आक्का पडवीत टेकली, तोवर ती तबकात पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली.

आक्काचा हात पुढं झालाही होता. तेवढ्यात तोंडातून गेलं, "नगं. लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाईत."

तिची आई असंच म्हणायची. आजी असंच म्हणायची. बायका म्हणतात तसं ती म्हणून गेली.

मोना तबक धरून उभीच राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "नातवंड झाल्यावर पित्यात, आक्का."

नातवंड समोर उभं होतं, नव्या फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी धरून.

एक घोट घेतला असता तर भागलं असतं. गंगावेशीतल्या भल्याभल्यांना गप्प करणारी बाई त्या भांड्याकडं बघत राहिली. आपण सवयीनं बोललो की आतलं दुसरंच काही बोललं, तिचं तिलाच कळेना. आणि आता उचललं तर लेकीनं शिकवलं म्हणून उचलल्यासारखं. मागं घेतलेला हात मांडीवरून हलला नाही.

"आक्का," अमरसिंह कळवळून म्हणाला. "घी की."

मोनानं तबक आत नेलं. परत येऊन तिनं भिंतीची पिशवी उचलली आणि तीही आत ठेवली. "शिवानीची शाळा बुडती. पुढल्या साली बघू."

पंचमीला शाळेला सुट्टी असते, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. आक्काच्या ओठांशी 'चल' येऊन थांबला. तो आता कुणासाठी बोलायचा?

प्रसेनजीत गाडीपर्यंत पोचवायला आला. छत्री त्यानं तिच्यावर धरली, स्वतः भिजला. दार लावताना म्हणाला, "चांगली गाडी घेतलीत आई. इकडच्या रस्त्याला अशीच पाहिजे."

नेसरीच्या अलीकडं तिनं गाडी थांबवायला लावली. "तहान लागलीया."

रस्त्याच्या कडेला भाजलेल्या कणसांचं खोपटं होतं. आत एक म्हातारी शेगडीला वारा घालत होती. तिनं घागरीतलं पाणी भांड्यात ओतून दिलं. आक्का उभ्यानंच घटाघटा प्याली, परत मागितलं, तेही प्याली. अमरसिंह गाडीला टेकून बघत होता.

"कुठनं आलासा पावणं?" म्हातारीनं विचारलं.

"चंदगडास्नं. लेकीकडनं."

"आन् अशी तान्हेली? लेकीनं पाणी दिलं न्हाय व्हय?"

"दिलतं की," सोनूबाई म्हणाली, आणि रिकामं भांडं पुन्हा पुढं केलं.