उजवा पदर वर

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. गल्लीतले लोक ती माझ्या लेकीच्या माथी मारायला टपले होते, म्हणून.

लेक ओशिगे, वय सतरा. तिचे बाबा गेनशिची छपाईच्या फळ्या कोरतात. चित्रकार कागदावर चित्र काढतो, ते हे चेरीच्या लाकडात उतरवतात. सगळ्या एदो शहरात आपल्यासारखा हात नाही, असं ते स्वतःच सांगतात. ओशिगेला लहानपणापासून त्याच कामाचं वेड. गेल्या वसंतात ते तिला म्हणाले, "एक चित्र देतो. जमलं तर माझ्या शेजारी बसायचं. नाही जमलं तर शिनागावाच्या तांदूळवाल्याकडे मोलकरीण म्हणून जायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही.

चित्र साधंच होतं. स्वयंपाकघरातल्या तीन बायका, कमरेला फडकी गुंडाळलेल्या. एक मुळा चिरतेय, एक चूल फुंकतेय, एक तांदूळ धुतेय. सही नंतर कोरायची होती, त्यामुळे कागदावर एकही अक्षर नव्हतं. हा कागद इतका पातळ असतो की रेघा दोन्हीकडून दिसतात. तो फळीवर पालथा डकवायचा, म्हणजे कोरताना चित्र उलटं आणि छापल्यावर सुलटं. वीस वर्षं कागद मीच डकवते. त्या दिवशी शेजारची ओकुरा दारात उभी राहून सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. ऐकण्यात मला गोडी फार. त्या नादात मी कागद सुलटाच डकवला.

ओशिगेने बावीस दिवस कोरलं. एकेका रेघेला नाक लावून बसलेली पोर, तिला पूर्ण चित्र कुठून दिसणार? बाबांनी मदत केली असं कोणी म्हणू नये, म्हणून हे तिकडे फिरकलेच नाहीत.

पहिला छाप निघाला तेव्हा ओकुरा हजर होतीच. "अगं बाई! या तर मेलेल्या!" ती ओरडली.

चित्र उलटं उमटलं होतं आणि तिन्ही बायकांच्या किमोनोचा उजवा पदर गळ्याशी डाव्याच्या वर आला होता. आमच्यात जिवंत माणसाचा डावा पदर वर असतो, तसा किमोनो फक्त प्रेताला घालतात.

"तीन मढी रांधतायत," हे म्हणाले. "असलं चित्र घरात कोण लावेल? शिनागावाला निरोप धाडतो."

मी पुढे झाले. "अहो, कागद मी डकवला. धाडायचं तर मला धाडा."

"तुला कोण ठेवून घेईल?"

"आई, तू गप्प बस," ओशिगे म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज ठाम होता. "बाबा, मला तीन दिवस द्या."

तिने फळीतले तिन्ही गळे खोदून काढले. त्या खाचांत चेरीचे नवे तुकडे ठोकून बसवले, घासून सपाट केले आणि त्यांच्यावर छापात डावा पदर वर येईल असे गळे कोरले. जुन्या लाकडातली रेघ नव्यात शिरताना केसभर जरी चुकली, तरी छापात फट दिसते. मी तीन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. ओकुराला वाटलं मी आजारी आहे.

नवा छाप यांनी उजेडात धरला. "सांधे कुठे आहेत?"

"शोधा."

यांना एकही सापडला नाही. मग मुळा चिरणारीवर बोट ठेवलं. "हिची सुरी डाव्या हातात आहे."

"असू दे की. जिवंत तर आहे!"

"चित्रकाराला काय सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं आणि छाप घेऊन स्वतःच गेले. म्हाताऱ्या चित्रकाराने छाप डोळ्यांजवळ धरला. मी सगळं खरं सांगितलं, अगदी ओकुराच्या सुनेसकट.

"माझी बायको डावखुरी आहे," तो म्हणाला. "पाहुणे आले की बिचारी लाजून उजव्या हाताने चिरते आणि बोट कापून घेते. ही राहू दे अशीच. पुढचं चित्रही तुमच्याकडेच देतो."

मी धावतच घरी आले. यांनी सगळं ऐकून घेतलं. आमच्या धंद्यात बायकांच्या कपाळावरचे केस फक्त उस्ताद कोरतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत वीस रेघा. यांनी आपली बैठक जरा सरकवली, सगळ्यात बारीक कोरणी ओशिगेपुढे ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या चित्रातले केस तू कोर."

"बरं," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. मी विहिरीवर जाऊन पोटभर रडले.