फळीवरची रांग

पुण्याच्या शिबिरातून मी एक कागद आणला आणि त्या कागदाने घात केला, असं मी बरीच वर्षं सांगत फिरायचो. आता नाही सांगत. वाचणाराच गाढव असला तर कागद बिचारा काय करणार!

मी मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पी.टी.चा मास्तर होतो. दहा दिवसांच्या शिबिरात आम्हाला धावपटूचं वर्षभराचं वेळापत्रक दिलं होतं. 'हंगाम संपल्यावर सहा आठवडे पूर्ण विश्रांती. त्यानंतर पोहणे, सायकल, हलके धावणे. आहारात दूध, अंडी, फळे.' मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवला होता, कारण माझ्याकडे तानी होती.

तानी पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरची. दहावीला गणितात गेली होती. शाळा सुटली, पण पळणं सुटलं नाही. रोज सकाळी डोंगर उतरून मैदानावर यायची, पळायची, परत चढून जायची. दोन हजार एकच्या दिवाळीआधी मी रस्ता गाडीच्या काट्यावर मोजून तिला एकवीस किलोमीटर पळवलं. एक तास अडतीस मिनिटं! मी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून. मी तिला एकच गोष्ट शिकवली होती. रस्ता बघायचा नाही, पुढच्या माणसाची पाठ बघायची. पुढचीला गाठ, मागं टाक. पुढची गाठ, मागं टाक. मैदानभर माझं हेच ओरडणं चाले. पोरं माझी नक्कल करायची.

त्याच वेळी एप्रिलच्या शर्यतीचं पत्रक आलं. मोखाड्याच्या अलीकडून जव्हारपर्यंत अर्धी मॅरेथॉन. पहिल्या तीन मुलींना नाशिकच्या क्रीडा वसतिगृहात दोन वर्षं राहणं, जेवण, शिक्षण सगळं. वय अठराच्या आत हवं. तानीला श्रावणात अठरावं पूर्ण होणार होतं. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी.

दिवाळी झाल्यावर मी तिला बोलावून कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "सर, आम्ही परवा जगायला चाललो."

आमच्याकडे भात-नागली घरात आली की अर्धा तालुका दारं लावून भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. इथेच राहिलं तर काय होईल, ते त्या शब्दातच आलं.

आणि मी काय म्हणालो माहिती आहे? "हरकत नाही. कागदात विश्रांतीच लिहिलीय. तिकडे सहा आठवडे अजिबात पळू नकोस." वीटभट्टीवर निघालेल्या पोरीला मी विश्रांती घ्यायला सांगितलं! वर तो कागदही दिला. तिने तो घडी करून पोलक्यात ठेवला.

मला होळीचा भरवसा होता. होळीला आमची माणसं कुठूनही परत येतातच. तिथून शर्यतीला अठरा दिवस उरत होते.

होळीच्या दुसऱ्या दिवशी मी बूट घेऊन पाड्यावर गेलो. तानीचा बाप, लक्ष्या, ओट्यावर बसला होता. आत तिची आई सकू गोधडीवर पडलेली. भट्टीवर विटा वाहताना फळीवरून पडली, कंबरेचं हाड मोडलं, लक्ष्याने सांगितलं. डॉक्टरला दाखवलं, वैदूनेही बांधलं, पण बाई उठत नव्हती. उठेल असं कुणी म्हणतही नव्हतं. तानी चुलीशी होती. हाताचे तळवे लाल झाले होते, घासूनही न जाणारे, आणि खोकत होती.

मी सकूची चौकशी केली, केली म्हणजे उरकली. मग तानीच्या पायांकडे बघून लक्ष्याला म्हणालो, "पण विटा वाहून मांड्या चांगल्या भरल्यात हो हिच्या. फायदाच होईल." त्या बाईच्या उशाशी बसून बोललो मी हे. लक्ष्या भला माणूस. म्हणाला, "व्हय गुरुजी."

दुसऱ्या दिवशी मैदानावर फायदा दिसला. चार किलोमीटरला तानी खाली बसली आणि काळं काळं थुंकली. पळायची पद्धतच गेली होती. आधी ढांगा टाकायची, आता तुरुतुरु पावलं. मान ताठ, डोकं हलत नाही, हात अंगाला चिकटलेले. पाच महिने डोक्यावर दहा-दहा विटा घेऊन चाललेलं शरीर, विटा खाली ठेवल्या तरी चालत होतं तसंच. मी ओरडायचो, "हात हलव! डोक्यावर काही नाहीये तुझ्या!" ती दहा पावलं हात हलवायची आणि परत ताठ.

माझी बायको पुष्पलता तिच्यासाठी रोज दोन उकडलेली अंडी द्यायची. वर मला म्हणायची, "अठरा दिवसांत काय बैल तयार होतो का? कशाला पोरीच्या मागे लागलाय?" मी ऐकतो कुठला! अंडी तानी ओढणीत बांधून आईला न्यायची हे मला नंतर कळलं. पंधराव्या दिवशी तिने पूर्ण अंतर काढलं. दोन तास चार मिनिटं. मला कळून चुकलं होतं की हे होत नाही. पण ती रोज येत होती. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार की येऊ नकोस?

शर्यतीला एकोणतीस मुली होत्या. सकाळी सातला सोडलं. मी गाडीवर मागेपुढे. पहिल्या दहा किलोमीटरला तानी अकरावी होती आणि मी मनातल्या मनात हात धुऊन बसलो होतो. पण एप्रिलचं ऊन चढलं तशा पुढच्या मुली गळायला लागल्या. एकीला पेटका आला, दोघी सावलीला बसल्या. आमच्या बाईचं तुरुतुरु मात्र चालूच. ना वेग वाढला, ना कमी झाला. भट्टीच्या उन्हापुढे हे ऊन काय! सोळाव्याला ती सहावी झाली, अठराव्याला चौथी. तिसऱ्या नंबरची रविना नावाची जव्हारची मुलगी चाळीस पावलांवर होती आणि तिचे खांदे पडले होते.

अरे देवा, मी गाडीवर उभाच राहिलो! "तानी, गाठ! पुढचीला गाठ!"

एकोणिसाव्याला तिने रविनाला गाठलं. अगदी पाठीशी, दोन हातांवर. आता फक्त बाजूने निघायचं होतं. रस्ता रिकामा, ट्रक नाही, एसटी नाही. तानीचं तोंड मिटलेलं होतं, नाकाने श्वास चालला होता. म्हणजे दम शिल्लक होता! रविना तर उघड्या तोंडाने हाशहुश करत होती.

"मागं टाक! बाजूनं काढ!"

तानी बाजूने निघाली नाही. रविनाच्या पावलात पाऊल टाकत राहिली. मी ओरडलो की ती उलट थोडी मागे राही. मला वाटलं, ऐकू येत नाही. गाडी अगदी शेजारी नेली आणि घसा फोडून ओरडलो. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. मला वाटलं, दमली. शेवटच्या चढाला रविनाच्या पोटरीत गोळा आला, ती लंगडत चालायला लागली. चालायला! आणि तिच्यामागे तानीही चालायला लागली. बघणारे हसले. पांढऱ्या रेघेवर रविना तिसरी आली. दोन पावलांनी मागे तानी, चौथी.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत मी तिच्यावर तुटून पडलो. "भट्टीत विटांबरोबर अक्कल पण भाजून आलीस काय गं? लंगडी झाली होती ती! लंगडीला मागे टाकता येईना तुला? एवढं शिकवलं त्याची माती केलीस!"

तानी बूट काढत होती. खाली बघूनच म्हणाली, "फळीवं पुढच्याला वलांडायचा नसतो, सर."

"कुठली फळी? डांबरी रस्ता होता तो!"

मग तिने सांगितलं. भट्टीवर विटा चढवायला तिरकी फळी लावतात, दीड हात रुंद. बाया डोक्यावर विटा घेऊन एकामागून एक चढतात. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. पुढची हळू चालली तर हळू, थांबली तर थांबायचं. पहिल्या दिवशी मुकादम एवढंच शिकवतो.

"माघ महिना व्हता. पुढं आयस व्हती. तिला ताप व्हता, हळू चालं. माझं पाय भारी शिवशिवत व्हतं, सर. किती दिस पळली नव्हती. आयसची पाठ दिसली ना, तं तुमचाच आवाज आला. पुढचीला गाठ, मागं टाक." तिने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. "मी बाजूनं काढली. माझा कोपर लागला तिला."

मी तिच्या शेजारी खाली बसलो. बक्षिसाच्या टेबलावर नावं पुकारत होते, रविनाची आई रडत होती आनंदाने. मला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेचं काय करायचं ते आजही कळलेलं नाही.

"बापसाला सांगू नका," तानी म्हणाली. "त्याला वाटतं, आयसचा पाय घसरला. आयसनंच तसा सांगितला."

मी चार ठिकाणी अर्ज केले. वसतिगृहाच्या साहेबांना भेटलो. चौथ्या नंबरला काही नसतं, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. श्रावणात तानीला अठरा पूर्ण झाली. पावसाभर ती मैदानावर आली नाही. मी पोरांना पळवायचो, पण तोंडातून ते शब्द निघेनात. नुसती शिट्टी वाजवायचो.

दिवाळीनंतर नाक्यावर भट्टीचा ट्रक लागला होता. भट्टीवर जोडीनेच घेतात, एकट्या बाप्याला काम नाही, म्हणून आईच्या जागी तानी निघाली होती. सकूला तिच्या बहिणीकडे ठेवलं होतं. तानी ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांवर बसलेली. मला बघून तिने पोलक्यातून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. वर्षभर घामाने भिजून त्यावरची अक्षरं पुसली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सांभाळून चाल गं फळीवर."

"आता भ्यायचा काय, सर?" ती म्हणाली. "मुकादम बोललाय, पोरगी चालते चांगली. ह्या वर्साला रांगंत मीच पयली. माझ्यापुढं कोनीच नाय."