ठिपक्याचा नळ

मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यातून ठिपक्या तर धड मांजरही नव्हे.

त्याला माझ्या मुलाने आणलं. "बाबा, याचा पणजोबा जंगलात शिकार करायचा," मुलगा ऐटीत म्हणाला. "पुढच्या पिढ्या घरातल्या मांजरांशी जुळवून ही जात तयार केलीय."

"माझे पणजोबा विहिरी खणायचे," मी म्हटलं. "मी कुठे सांगत फिरतो?"

अंगभर काळे ठिपके, पाय लांबलचक, कान हे एवढाले. एका उडीत कपाटावर. आणि पाण्याचं भलतंच वेड! मांजराने पाण्याला घाबरावं की नाही? हा गडी खुशाल भरल्या बादलीत बसायचा.

मुलगा गेल्या वर्षी आजारपणात गेला. घरात उरलो मी, सून आणि ठिपक्या. संध्याकाळी सून कामावरून आली की आम्ही समोरासमोर जेवायला बसायचो. बोलणं बेताचंच. पण दाराशी तिच्या चपला दिसल्या की मला बरं वाटायचं.

आणि मग खालच्या घराचं छत गळायला लागलं. जन्मभर प्लंबरकी केलेल्या माणसाच्या घरातून! बेसिनचा लांब दांडीचा नळ ठिपक्या पंजाने ढकलून उघडत होता. वर त्याचा चेंडू भोकात अडकला की बेसिन भरून पाणी फरशीभर. तो नळ मीच बसवलेला. माझी बोटं आखडतात, म्हणून कोपराने उघडता येईल असा. आता बोलणार कुणाला?

खालच्या बाई तणतणत वर आल्या. "पुन्हा थेंब जरी पडला ना, तर घरमालकांच्या कानावर घालीन. मग मांजराला काढा, नाहीतर तुम्ही निघा!"

त्या गेल्यावर सून हळूच म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. खाली कुणी राहत नाही. मी ठिपक्याला घेऊन तिकडे जाते."

जाऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं आणि बोललो काय, तर "खोलीत ओल आहे का ते बघून घे." शाबास रे माझ्या वाघा!

तिचं तरुण वय. तिला कुठल्या तोंडाने अडवायचं? पण नळ तर माझ्या हातातला होता. लगेच हत्यारांची पेटी काढली आणि जुन्या पद्धतीचा, गोल मुठीचा, फिरवायचा नळ बसवला. म्हटलं, आता उघड बेट्या!

ठिपक्याने पंजे मारून पाहिले, मूठ चावून पाहिली. मग बेसिनमध्येच मुटकुळं करून बसला. वाटीतलं पाणी पिईना, पेल्यातलं पिईना. सुनेने हातावर पाणी घेतलं तर तोंड फिरवलं. मी मनातून जिंकलो होतो आणि तरी घास उतरत नव्हता.

"हट्टी आहे मेला," मी म्हटलं.

"हट्ट नाही हो, बाबा." सून खोक्यात कपडे भरतच होती; तिकडच्या नळावर तरी हा पाणी पिईल, अशी तिला आशा होती. "रोज सकाळी दाढी करताना तुमचा मुलगा त्याच्यासाठी नळाची बारीक धार सोडायचा. दोघांच्या गप्पा चालायच्या. तो गेल्यापासून नळ सोडणारं कुणी राहिलं नाही, म्हणून हा आपला आपण उघडायला लागला."

इतके दिवस मी त्या मुक्या जिवाला चोर ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बेसिनपाशी गेलो. चेंडू खिशात टाकला. ती गोल मूठ माझ्या बोटांना दाद देईना. फडकं गुंडाळून, दातओठ खाऊन कशीबशी फिरवली. बारीक धार लागली. ठिपक्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान वाकडी करून लपालपा प्यायला लागला.

"पी रे, राजा," मी म्हटलं. "पोट भरून पी. तो असता तर मला हसला असता. फार आठवण येते रे त्याची. आता तुम्ही दोघंही निघालात. हे घर मला खायला उठेल. पण तिला सांगू नकोस हं. उगाच माझ्यासाठी अडकून पडायची."

मागे हुंदका ऐकू आला. सून दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने नळ बंद करायला गेलो, तर बोटं अशी आखडली की मूठ सुटेना.

तिने माझा हात नळावरून अलगद सोडवला. बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत राहिली. पाणी वाहतच होतं, ठिपक्या पीतच होता.

मग तिने पदराने डोळे पुसले, ठिपक्याचं पिऊन झाल्यावर नळ बंद केला आणि म्हणाली, "उद्यापासून नळ मी सोडत जाईन, बाबा. तुम्ही चहा टाकत जा."